मर्यादवेल आणि ३.७ मिलिमीटर

३.७ मिलिमीटर म्हणजे किती हो? आपल्या लेव्हलिंग स्टाफवरचा सगळ्यात लहान भाग पाच मिलिमीटरचा असतो. म्हणजे सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला एवढा फरक आला तर तो आलाय हे कोणाला कळतसुद्धा नाही. वर्कशॉपमध्ये मात्र एवढ्या फरकाला जॉब सरळ परत मिळतो! (मेकॅनिकलवाल्यांनो, हसू नका.)

तर जगातल्या समुद्रांची पातळी २००६ ते २०१८ या काळात वर्षाला सरासरी ३.७ मिलिमीटरने वाढत होती, असं आयपीसीसीच्या २०२१ च्या अहवालात दिलं आहे. त्याच अहवालाप्रमाणे १९०१ ते १९७१ या काळात हा वेग १.३ मिलिमीटर होता. १९०१ पासून २०१८ पर्यंतची सगळी वाढ मिळून वीस सेंटिमीटर, म्हणजे साधारण आपल्या जर्नलच्या पानाची रुंदी.

हे मी मेसच्या रांगेत माझ्या रूममेटला सांगितलं. ती विदर्भातली, समुद्र तिने पहिल्यांदा एफ.ई.च्या ट्रिपला पाहिला. पण इलेक्ट्रॉनिक्सची असल्यामुळे आकडे लगेच तोलते. म्हणाली, "अगं, तुमच्याकडे भरती-ओहोटीतच पाणी दोन-तीन मीटर वरखाली होतं ना? मग शंभर वर्षांत वीस सेंटिमीटरने काय बिघडतं?"

प्रश्न बिनतोड आहे. पण तेवढ्यात पोळ्या संपल्या, आरडाओरडा झाला आणि विषय राहून गेला. हा लेख म्हणजे तिला द्यायचं राहिलेलं उत्तर आहे. थोडं लांबलंय, सांभाळून घ्या.

आधी एक खुलासा. मी कॉन्व्हेंटची. अडुसष्ट म्हणजे सिक्स्टी एट की सेव्हंटी एट, हे ठरवायला मला अजूनही दोन सेकंद लागतात. शाळेत आम्हाला टॉर्टॉइज वेगळा आणि टर्टल वेगळा, आणि चुकलं तर सिस्टर दहादा लिहायला लावायच्या. मराठीत दोघंही कासव! देवळात गाभाऱ्यासमोर जमिनीत कोरलेलं असतं आणि ज्याला आपण देवाच्या आधी नमस्कार करतो, तेही कासवच. माझं मराठी जे काही आहे ते मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी शिकलेलं. त्यामुळे त्यात माड, पोफळी, उधाण, पुळण असे शब्द भरपूर आहेत आणि 'उपरोक्त', 'तथापि' वगैरे अजिबात नाहीत.

हे आजोळ दापोली तालुक्यात, समुद्राला अगदी लागून. गावाचं नाव लिहीत नाही, का ते पुढे कळेल. गावाची रचना मात्र सांगायलाच हवी, कारण सगळी गोम त्यात आहे. मागे डोंगर, वर जांभ्याचा सडा. डोंगराच्या पायथ्याशी एस.टी.चा रस्ता. रस्त्याखाली घरं, घरांच्या पाठीमागे माडा-पोफळींच्या वाड्या, वाडीच्या टोकाला जांभ्या दगडांचा गडगा. गडग्यापलीकडे सुरूची झाडं, मग पुळण, मग समुद्र. बस्स. डोंगरापासून पाण्यापर्यंतचं सगळं गाव आडवं चालून जायला चहा गार होण्याइतकासुद्धा वेळ लागत नाही.

सुरूच्या झाडांपुढे वाळूवर एक वेल पसरलेली असते. जांभळी फुलं, आपट्यासारखी दोन फाकांची पानं. आजीने तिचं नाव सांगितलं होतं, मर्यादवेल. समुद्राची मर्यादा दाखवते ती. रोजच्या भरतीचं पाणी तिच्यापर्यंत येत नाही. पुढे कोस्टल इंजिनियरिंगच्या पुस्तकात वाचलं की भरतीची रेषा जमिनीवर ओळखायच्या ज्या खुणा आहेत, त्यांत झाडोरा कुठून सुरू होतो ही एक खूण. म्हणजे इथे आजीचं आणि पुस्तकाचं चक्क एकमत आहे!

पण या वेलीची खरी गंमत वेगळीच आहे. तिची मर्यादा एका जागी नसते. पावसाळ्यात मोठ्या लाटा पुळण ओरबाडतात, वाळू आत समुद्रात नेऊन टाकतात, तेव्हा वेल तुटून लोंबकळते. दिवाळीनंतर समुद्र शांत झाला की हलक्या लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात आणि वेल पेरापेराला मुळं धरत पुन्हा पाण्याकडे पळायला लागते. म्हणजे पुळण ही जागा नाहीच. ती सारखी चालू असलेली देवघेव आहे. कॉन्व्हेंटमध्ये ड्रॉइंगच्या तासाला आम्ही समुद्र आणि वाळू यांच्यामध्ये पट्टीने रेघ मारायचो. तशी रेघ तिथे नसते. तशी रेघ फक्त सातबाऱ्यावर आणि नकाशावर असते.

आता रूममेटचा प्रश्न. भरती येते आणि सहा तासांनी जाते, किनारा तिच्या हिशेबानेच घडलेला असतो. पातळी वाढते तेव्हा मात्र प्रत्येक भरती, प्रत्येक उधाण एक पायरी वरून सुरू होतं, आणि ती पायरी परत खाली येत नाही. पेर ब्रून नावाच्या इंजिनियरने १९६२ मध्ये यावर एक साधा नियम मांडला. पाणी चढलं की वाळूचा किनारा आपला उतार मोडत नाही. वरची वाळू काढून तो खाली समुद्रतळावर पसरतो आणि आख्खाच्या आख्खा वर आणि मागे सरकतो. किती मागे? उतार पाहून, पातळी जितकी वाढली त्याच्या साधारण पन्नास ते शंभर पट. करा गुणाकार. वीस सेंटिमीटरचे दहा ते वीस मीटर झाले. फक्त माझ्या वयाची वीस वर्षं धरली आणि वेग ३.७ च्या आसपास धरला, तरी साडेसात सेंटिमीटर, म्हणजे पावणेचार ते साडेसात मीटर. आपली हॉस्टेलची खोली मोजून बघा. पलंग, टेबल, कपाट आणि रूममेटचा पसारा सगळं त्यात मावतं!

या नियमावर टीकाही पुष्कळ झाली आहे आणि ती रास्त आहे. खाडीतून किनाऱ्याला किती रेती येते, बाजूने किती वाहून जाते, हे त्यात धरलेलं नाही. कोकणात तर खाड्यांमधून वर्षानुवर्षं रेतीचा उपसा झाला, जेट्या झाल्या. सगळं खापर समुद्राच्या पातळीवर फोडलं की उपसा करणारे अलगद सुटतात, आणि ते मला मुळीच मान्य नाही. शिवाय चक्रीवादळं. आधी अरबी समुद्र म्हणजे सज्जन समजला जायचा, वादळं ती बंगालच्या उपसागराची मिरासदारी. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये हिशेब मांडला. १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली होती. कारण सरळ आहे, पाणी तापलंय. आम्हाला हे टक्के ३ जून २०२० ला कळले. निसर्ग वादळ धडकलं रायगडच्या किनाऱ्यावर, पण दापोली-मंडणगडलाही त्याने असं झोडपलं की आजोळच्या वाडीतल्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या एकावर एक पडल्या होत्या. सुपारीचं झाड लावल्यापासून धरायला लागेपर्यंत किती वर्षं जातात ते कोकणातल्या कुणालाही विचारा.

असो. आता कासवं.

आपल्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतं ते मुख्यतः ऑलिव्ह रिडले. ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्याला ती एकाच वेळी हजारो-लाखोंनी येतात, ते फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. आपल्याकडे येते ती एकटीदुकटी. रात्री, थंडीच्या दिवसांत, कोणाला न सांगता. पुळण चढून मर्यादवेलीच्या आसपास येते, मागच्या वल्ह्यांनी दीडेक फूट खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वर वाळू लोटते आणि अंगाने धोपटून घट्ट करते. मग परत. पिल्लांचं तोंड ती कधीच बघत नाही. पण ज्या भागात स्वतः जन्मली त्याच भागाकडे मोठी झाल्यावर ती येते, हे मात्र खरं. अर्थात तिच्याही तऱ्हा आहेत. ओडिशात २०२१ मध्ये टॅग लावलेलं एक कासव २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडलं! आणि गुहागरला २०२३ मध्ये सॅटेलाइट ट्रान्समीटर लावलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली होती. त्यामुळे पूर्वेची कासवं वेगळी नि पश्चिमेची वेगळी, हा समज आता पातळ झालाय.

कोकणात ही अंडी पूर्वी सर्रास काढून खाल्ली आणि विकली जायची. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने, भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, मंडणगड तालुक्यातल्या वेळासला काम सुरू केलं. अंडी हलवायची, जाळीच्या कुंपणात पुरायची, पिल्लं निघाली की समुद्रात सोडायची. पुढे तिथे कासव महोत्सव सुरू झाला, गावातली घरं पाहुण्यांसाठी उघडली आणि कासव जगलं तर आपलाही फायदा आहे हे गावाला दिसलं. नंतर वनखातं आलं, २०१२ मध्ये स्थापन झालेला कांदळवन कक्ष आला, आणि आज रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातल्या कितीतरी पुळणींवर 'कासवमित्र' पहाटे गस्त घालतात. मला विचाराल तर महाराष्ट्रात गेल्या पंचवीस वर्षांत निसर्गासाठी जे काही झालं त्यातलं हे सगळ्यात शहाणं काम आहे. भाषणं कमी, पायपीट जास्त.

आमच्या गावातही असे एक काका आहेत. परवाच्या जानेवारीत मी त्यांच्याबरोबर चार दिवस पहाटे हिंडले. हॉस्टेलवर मला आठला उठवायला दोघी लागतात, तिथे पाचला आपोआप जाग यायची! ओल्या वाळूवर कासवाचा माग म्हणजे लहान ट्रॅक्टरचं एकच चाक फिरवत नेल्यासारखा दिसतो. चढायचा एक, उतरायचा एक. दोन्हींच्या मधे जिथे वाळू विसकटलेली असते तिथे काका गुडघ्यावर बसतात आणि बोटांनी चाचपतात. एका ठिकाणी बोट सहज आत जातं. "ही बघ, मऊ लागली," असं म्हणून त्यांनी माझा हात तिथे ठेवला. अंडी पिंगपाँगच्या चेंडूएवढी, पण कवच चामड्यासारखं. जशी होती तशीच उचलायची, फिरवायची नाहीत, कारण काही तासांत आतला जीव कवचाला चिकटतो आणि मग अंडं उलटलं की संपलं. बादलीत खाली त्याच खड्ड्यातली ओली वाळू, वर अंडी. मोजताना काका मराठीत मोजत होते आणि मी मनात इंग्लिशमध्ये. दोघांचा आकडा जुळला तेव्हा मला फार बरं वाटलं.

मग हॅचरी. मर्यादवेलीच्या वर, उंचवट्यावर, जाळीचं कुंपण. मी विचारलं, "काका, ही इथेच असते का दर वर्षी?" ते हसले. त्यांनी समुद्राकडे बोट केलं. जिथे पहिल्या वर्षी हॅचरी होती ती जागा आता रोजच्या भरतीला भिजते. मग एकदा मागे घेतली. मग आणखी एकदा. आता हॅचरीच्या मागच्या जाळीला सुरूचे बुंधे टेकले आहेत. "आता मागे कुठे जायची?" ते म्हणाले, "मागे तुझ्या मामाचा गडगा."

हे एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

अंडं कवचातून श्वास घेतं. घरटं काही तास समुद्राच्या पाण्यात बसलं तर आतलं पिल्लू गुदमरतं. म्हणून कासवाला नुसती वाळू नाही, कोरडी वाळू लागते. आता कोणी म्हणेल, समुद्र काय पहिल्यांदाच चढतोय? अजिबात नाही. समुद्री कासवं या पृथ्वीवर दहा कोटींहून जास्त वर्षं आहेत. शेवटच्या हिमयुगात, वीसेक हजार वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. म्हणजे आजचं आजोळ तेव्हा किनाऱ्यापासून कितीतरी कोस आत. मग बर्फ वितळला, पाणी हजारो वर्षं चढत राहिलं, आणि गंमत म्हणजे तेव्हाचा सरासरी वेग आजच्यापेक्षा जास्तच होता. तरी कासवं राहिली. कारण पाणी चढलं तशी पुळण मागे सरली, पुळणीबरोबर मर्यादवेल सरली आणि तिच्यामागून कासवं. तेव्हा मागे कोणाचा गडगा नव्हता, एस.टी.चा रस्ता नव्हता आणि सुरूची लागवडही नव्हती.

पुळण बुडून मरत नाही. मागे सरायला जागा उरली नाही की मरते. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात तसं.

कांदळवनाचीही हीच गत आहे, पण ते थोडक्यात आटोपते कारण आमच्या गावाला खाडी नाही. चिप्पी, तिवर यांच्या मुळांत गाळ साठतो आणि ती झाडं गाळाबरोबर उंच होत जातात. गाळ कमी पडला तर ती जमिनीकडे सरकतात, आणि मागे खारभूमीचा बांध किंवा रस्ता असला की तिथे अडकतात. पांढऱ्या चिप्पीला महाराष्ट्राने २०२० मध्ये राज्य कांदळवन वृक्ष केलं. मान दिला ते छानच झालं. तिला जागा कोण देणार, ते अजून ठरायचंय.

कासवांच्या बाबतीत दुसरी भानगड उष्णतेची. कासवाच्या पिल्लाचं नर की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं. साधारण २९-३० अंशांच्या आसपास निम्मे-निम्मे, त्याहून थंड असेल तर नर जास्त, तापली तर माद्या जास्त, आणि फारच तापली तर कोणीच नाही. (मुलींचं हॉस्टेल हे वाचून टाळ्या वाजवणार, माहीत आहे!) ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या हिरव्या कासवांचा अभ्यास २०१८ मध्ये छापून आला. लहान वयाच्या कासवांमध्ये ९९ टक्क्यांहून जास्त माद्या निघाल्या. मोठ्यांमध्ये हेच प्रमाण ८७ टक्क्यांच्या आसपास होतं, म्हणजे जितकं वय कमी तितका बिघाड जास्त. आमच्याकडे मार्चमध्ये घातलेल्या अंड्यांच्या डोक्यावर सगळा एप्रिल तापतो. काका त्यावर हिरवी जाळी बांधतात, कडेने पाणी शिंपडतात. सावली करता येते, उपाय हातात आहे. उष्णतेचं दुखणं निदान हॅचरीच्या आत तरी आवरता येतं. जागेचं नाही आवरता येत.

त्या ऑस्ट्रेलियातच रेन आयलंड नावाचं बेट आहे, हिरव्या कासवांचं जगातलं सगळ्यात मोठं माहेर. तिथे घरट्यांत पाणी शिरायला लागलं म्हणून माणसांनी मशीन नेऊन वाळूची पातळीच उचलली. आणि तिथून पुढे, टॉरेस सामुद्रधुनीत ब्रॅम्बल के नावाचं इवलंसं बेट आहे. तिथे मेलोमिस नावाचा एक उंदीर राहायचा, जगात फक्त तिथेच. समुद्राचं पाणी वारंवार बेटावर चढलं, झाडोरा गेला, उंदीर गेला. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सरकारने तो नामशेष झाल्याचं जाहीर केलं. माणसाने केलेल्या हवामानबदलामुळे संपलेला पहिला सस्तन प्राणी म्हणून त्याचं नाव घेतात. उंदीर असल्यामुळे कोणी मेणबत्त्या लावल्या नाहीत.

आता येते ती माझ्या ब्रँचची गोष्ट. समुद्र वाडीत घुसायला लागला की गाव एकच मागणी करतं, धूपप्रतिबंधक बंधारा. मोठमोठे दगड, उतारावर रचलेले. यातलं शास्त्र तिसऱ्या वर्षाला कळायला लागतं. उभी भिंत लाट जशीच्या तशी परत फेकते, दगडांचा उतार थोडी जिरवतो. पण दोन्हींच्या पायथ्याची वाळू खरवडली जाते, समोरची पुळण खाली-खाली जाते आणि एक दिवस भरतीचं पाणी थेट दगडांना लागतं. बंधारा जिथे संपतो तिथून पुढे शेजाऱ्याची धूप वाढते, मग शेजारी बंधारा मागतो, मग त्याचा शेजारी. म्हणजे बंधारा मागची जमीन वाचवतो, नक्कीच वाचवतो, पण पुढची पुळण देऊन. रात्री चढून आलेल्या कासवाला दगड लागले की ती अंडी न घालताच परत जाते, नाहीतर खालच्या ओल्या वाळूत घालून जाते. कायद्यात कासवांच्या अंडी घालायच्या जागा सी.आर.झेड.च्या सगळ्यात कडक वर्गात आहेत. पण भरतीची रेषा नकाशावर आखलेली असते, आणि समुद्राला नकाशा वाचता येत नाही.

इथपर्यंत सगळं सोपं आहे. व्हायव्हाला विचारलं तर मी दहापैकी दहा घेईन. बंधारा वाईट, पुळण चांगली. पण आमच्या वाडीतल्या खालच्या विहिरीचं पाणी गेल्या काही वर्षांत मचूळ झालंय. उधाणाला गडग्याच्या फटींतून पाणी आत येतं. गडग्याचा एक तुकडा निसर्गच्या वेळी पडला, मामाने बांधला, पुढच्याच वर्षी तौक्तेच्या वेळी परत पडला. आजोबा असताना गडग्यापासून वेलीपर्यंत साठ पावलं होती म्हणे. मी दिवाळीत मोजली, तेवीस भरली. माझी पावलं आजोबांपेक्षा लहान असणार, म्हणजे खरं अंतर त्याहूनही कमीच.

मी आजीला समजावत होते, बंधाऱ्याने कासवं येणार नाहीत, पुळण जाईल, वगैरे. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगो बाय, तुझी कासवं वर्षातून एक रात्र येतात. मी इथे रोज झोपते."

यावर पुस्तकात उत्तर नाही. मी शोधलं.

उपाय आहेत, नाही असं नाही. समुद्रात आत बुडीत बांध घालून लाट आधीच मोडायची. बाहेरून वाळू आणून पुळण भरायची, आणि पुन्हा पुन्हा भरत राहायची. घरंच मागे न्यायची. पहिल्या दोन्हींचा खर्च बंदराला किंवा शहराला झेपेल, चाळीस उंबऱ्यांच्या गावासाठी कोण करणार? आणि मागे न्यायची तर मागे डोंगर आहे. मग उरतो एक मधला रस्ता. बंधारा पुळणीवर न घालता मागे, गडग्याच्याही आत घालायचा. सुरू काढून तिथे वेल पसरू द्यायची, म्हणजे पुळणीला सरकायला थोडी तरी जागा मिळते, निदान माझ्या हयातीपुरती. घरं वाचतात, विहीर कदाचित वाचते, कासवांना कोरडी वाळू मिळते. पण वाडीचा शेवटचा पट्टा समुद्राच्या बाजूला जातो.

हे हवेत बोलायचं नव्हतं म्हणून दिवाळीत मी आणि मामेभावाने पुळण मोजली. कॉलेजचा ऑटो लेव्हल गेटबाहेर न्यायला सह्या किती लागतात ते तुम्हाला माहीत आहेच! त्यामुळे एमरी नावाच्या माणसाची १९६१ ची जुनी पद्धत वापरली. सारख्या उंचीच्या दोन काठ्या, त्यांवर खुणा, मधे ठराविक लांबीची दोरी. मागच्या काठीशी डोळा लावायचा, पुढच्या काठीचा माथा क्षितिजाच्या रेषेवर धरायचा आणि फरक वाचायचा. लेव्हल म्हणजे समुद्राचं क्षितिजच! इतकं अचूक आणि इतकं फुकट यंत्र मी दुसरं पाहिलं नाही. बेंचमार्क देवळाच्या पायरीवर घेतला, पाच ठिकाणी रेषा ठरवल्या. पहिल्या दिवशी गावातली पोरं मागे मागे फिरत होती, दुसऱ्या दिवशी त्यांनीच दोरी धरली. एका दिवाळीच्या मोजणीने काहीच सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. मे महिन्यात परत मोजायची आहे, मग पावसाळ्यानंतर परत, आणि फायनल इयरचा प्रोजेक्ट हाच घ्यायचा असं ठरवलं आहे. (गाइड कोण होणार ते सरांनी आपापसात ठरवावं.)

दरम्यान गावाचा अर्ज तयार होतोय. बंधाऱ्याची मागणी, सगळ्या वाडीवाल्यांच्या सह्या. म्हणून गावाचं नाव लिहिलं नाही. आणि अर्ज कोणी लिहायचा? तर घरातल्या 'इंजिनियर'ने, म्हणजे मी. मामा म्हणाला, "तू नीट लिही, टेक्निकल शब्द घाल." मी लिहिला. मराठीत लिहिला, 'उपरोक्त' आणि 'तथापि' दोन्ही घातले. एक ओळ मात्र पेन्सिलने लिहिली आहे. 'सदर बंधारा पुळणीवर न घेता गडग्याच्या आतील बाजूस घेण्यात यावा.'

मामाने ती ओळ वाचली आणि कागद आजीपुढे ठेवला, कारण वाडी तिच्या नावावर आहे. आजी काही बोलली नाही. संध्याकाळी मला घेऊन गडग्यापाशी गेली. त्या पट्ट्यात सात माड आहेत. कोणता कोणी लावला, कोणत्या वर्षी, कोणाला पाणी कमी पडलं, कोणता वादळात वाकला आणि तसाच राहिला, सगळं तिने एकेकाला हात लावून सांगितलं. पाचवा माझी आई जन्मली त्या वर्षीचा आहे.

अर्ज अजून तिच्याकडे आहे. परवा फोनवर विचारलं तर म्हणाली, "मेमध्ये ये, परत मोज, मग बघू."